दोरामागून दोर

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील योसेमिटी खोऱ्याच्या उत्तर कडेला एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा उभा आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो सुमारे ९०० मीटर उंच असून, त्याच्या नैऋत्य आणि आग्नेय भिंती जेथे एकमेकींना मिळतात तेथे एक ठळक धार पुढे आलेली आहे. या धारेवरून जाणाऱ्या प्रस्तरारोहण मार्गाला ‘नोज’, म्हणजे नाक, असे नाव पडले. दीर्घ प्रस्तरारोहणाचे तंत्र आणि त्याभोवतीचे वाद समजून घेण्यासाठी या मार्गाइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल, कारण गेल्या सहा दशकांहून अधिक काळात या क्रीडाप्रकारात जे जे बदलले त्याच्या खुणा याच दगडावर अक्षरशः कोरल्या गेल्या आहेत.

एवढा कडा एका दमात चढता येत नाही, याचे पहिले कारण दोराची लांबी हे होय. आरोहणाचा दोर साधारणतः ५० ते ७० मीटर लांब असतो, आणि एका दोराच्या लांबीत जेवढे अंतर चढून थांबण्याजोगी जागा गाठता येते त्या टप्प्याला ‘पिच’ म्हणतात. नोजवर अशा सुमारे ३१ पिच आहेत. प्रत्येक पिचवर आघाडीचा आरोहक पुढे जातो आणि त्याचा जोडीदार खालच्या स्थानकावर स्वतःला बांधून घेऊन दोर हळूहळू सोडत राहतो, व आघाडीचा निसटल्यास तो दोर रोखून धरतो. या रोखण्याच्या क्रियेला ‘बिले’ म्हणतात. स्थानक हे किमान दोन, शक्य तर तीन, परस्परांवर अवलंबून नसलेल्या आधारांना जोडलेले असते, कारण दोघांचा भार अखेरीस त्यावरच येणार असतो. वर जाताना आघाडीचा आरोहक भेगांमध्ये ठिकठिकाणी आधार बसवतो आणि कॅरबिनर नावाच्या झडपेच्या कडीतून त्यात दोर अडकवतो. तो शेवटच्या आधाराच्या तीन मीटर वर असताना निसटला तर किमान सहा मीटर खाली जातो, शिवाय दोराचा ताण वेगळा.

येथे सामान्य समजुतीला छेद देणारी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. पडण्याचा झटका केवळ किती मीटर पडले यावर ठरत नाही. पडण्याचे अंतर आणि तोवर सोडलेल्या दोराची लांबी यांच्या गुणोत्तरावर तो ठरतो, कारण आरोहणाचा दोर ताणला जाऊन झटका स्वतःत मुरवतो आणि दोर जितका लांब तितकी ही क्षमता अधिक असते. त्यामुळे पिचच्या वरच्या टोकाशी आठ मीटर पडणे हे स्थानकापासून निघताच, पहिला आधार बसवण्यापूर्वी, चार मीटर पडण्यापेक्षा पुष्कळदा सौम्य ठरते. दुसऱ्या प्रसंगी सगळा आघात थेट स्थानकावर येतो, आणि म्हणूनच अनुभवी आरोहक जमिनीपासून कितीही वर असले तरी प्रत्येक पिचच्या पहिल्या काही मीटरांत सर्वाधिक सावध असतात.

आघाडीचा वर पोचला की दोर स्थानकाला पक्का करतो, आणि जोडीदार जुमार या दोरावर एकाच दिशेने सरकणाऱ्या पकडीच्या साहाय्याने वर येत वाटेतले आधार काढून घेतो. त्याच वेळी आघाडीचा दुसऱ्या दोराने सामानाची बॅग ओढत असतो. या बॅगेत सर्वांत जड वस्तू म्हणजे पाणी होय. माणशी दिवसाला तीन ते चार लिटर धरले तरी दोघांच्या तीन दिवसांच्या मुक्कामाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. त्याखेरीज झोपण्यासाठी कड्यावर टांगायचा पलंग, ज्याला पोर्टलेज म्हणतात, तोही पुष्कळदा न्यावा लागतो. मानवी विष्ठासुद्धा बंद डब्यात भरून परत आणणे बंधनकारक आहे. चढाईच्या छायाचित्रांत जे धाडस दिसते त्याच्या मागे ओझे ओढण्याचे हे कंटाळवाणे काम असते, आणि नोजवरून माघारी फिरणाऱ्या अनेक जोड्या कठीण चालींपुढे नव्हे, तर या कामाच्या संथपणापुढे हात टेकतात.

हा मार्ग प्रथम सर झाला तो १९५८ मध्ये. खोऱ्यातल्या हाफ डोम या दुसऱ्या प्रसिद्ध कड्याची वायव्य भिंत १९५७ च्या उन्हाळ्यात रॉयल रॉबिन्स आणि त्याच्या साथीदारांनी चढली, तेव्हा ती संधी हुकलेल्या वॉरन हार्डिंगने त्याहून मोठे लक्ष्य म्हणून एल कॅपिटन निवडला आणि जुलै १९५७ मध्ये मार्क पॉवेल व बिल फॉयरर यांच्यासह काम सुरू केले. काम हाच शब्द येथे योग्य आहे, कारण त्याची पद्धत वेढ्याची होती: काही पिच चढायच्या, तेथवर दोर कायमचे बांधून ठेवायचे, खाली उतरायचे आणि पुढच्या वेळी त्याच दोरांवरून वर जाऊन पुढे सरकायचे. वाटेत लागलेल्या एका लांबलचक भेगेला त्या काळच्या कोणत्याही पिटॉनची, म्हणजे भेगेत ठोकायच्या लोखंडी मेखेची, रुंदी पुरेना. तेव्हा भंगारात मिळालेले जुन्या स्टोव्हचे पाय मेखांसारखे ठोकण्यात आले, आणि ती भेग आजही ‘स्टोव्हलेग क्रॅक’ या नावानेच ओळखली जाते. खालच्या रस्त्यावर बघ्यांच्या मोटारींची एवढी गर्दी होऊ लागली की उद्यान प्रशासनाने उन्हाळ्याच्या पर्यटन हंगामात चढाई थांबवण्यास भाग पाडले. अखेरीस नोव्हेंबर १९५८ मध्ये हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर यांनी शेवटचा टप्पा हाती घेतला. माथ्याजवळच्या बाहेर झुकलेल्या भागात भेगच नसल्याने हार्डिंगने रात्रभर हाताने भोके पाडून २८ बोल्ट बसवले आणि १२ नोव्हेंबरच्या पहाटे तो माथ्यावर पोचला. सुमारे दीड वर्षात विभागलेले ४५ दिवस या मार्गाने घेतले.

बोल्ट ही दगडात भोक पाडून बसवायची कायमची खुंटी असल्याने तिच्याविषयीचा आक्षेप तेव्हापासूनच आहे: पुरेशी भोके पाडली तर कोणताही कडा चढता येईल, मग चढाईत अनिश्चितता उरली कोठे? रॉबिन्सचा हाच मुद्दा होता. टॉम फ्रॉस्ट, जो फिटशेन आणि चक प्रॅट यांच्यासह त्याने १९६० मध्ये नोज सलग सात दिवसांत, वेढा न घालता चढून दाखवला. पुढे १९७० मध्ये हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल यांनी त्याच कड्यावर दुसरा एक मार्ग बरेच बोल्ट ठोकून पूर्ण केला, तेव्हा रॉबिन्सने काही महिन्यांतच त्यावर जाऊन ते बोल्ट तोडायला सुरुवात केली. मात्र वर जाता जाता मधल्या चढाईचा दर्जा पाहून त्याने तोडफोड थांबवली. वादाचा निकाल यातून लागला नाही, पण तात्त्विक शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःचे मत कड्यावरच बदलावे ही गोष्ट हार्डिंगला केवळ ठोकाठोकी करणारा ठरवणाऱ्यांनी विसरू नये.

सह्याद्रीत चढणाऱ्यांना हा वाद परका नाही. मात्र दख्खनचा बेसॉल्ट लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला असल्याने त्यात मधूनमधून गवताचे व सुट्या दगडांचे टप्पे येतात, तर एल कॅपिटनचा ग्रॅनाइट सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोल थिजलेला आणि पुढे हिमनद्यांनी उघडा केलेला एकसंध खडक आहे. त्याच्या उभ्या भेगा एकाच रुंदीने दहा-दहा मीटर जाऊ शकतात. म्हणूनच मेखेची सर्वाधिक झीज याच भेगांनी सोसली. पोलादी पिटॉन ठोकायची, वापरायची आणि हातोड्याने इकडून तिकडे हलवून काढायची, हे शेकडो वेळा झाले की भेगेची कड झिजून तेथे खळगा पडतो. १९७० च्या सुमारास हे नुकसान उघड दिसू लागले आणि ठोकण्याऐवजी भेगेत नुसते अडकवायचे धातूचे नट वापरण्याची चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये ब्रूस कार्सन आणि यवाँ शुइनार्ड यांनी नोज हातोड्याविना चढून तिची शक्यता सिद्ध केली. शुइनार्ड स्वतः पिटॉन बनवून विकणारा होता, हे येथे नोंदवण्याजोगे. पुढे रे जार्डिन याने ‘फ्रेंड’ हे साधन काढले. त्याच्या स्प्रिंगवर फिरणाऱ्या पाकळ्या भेगेत उघडून घट्ट बसतात आणि खटका ओढताच सुटतात, त्यामुळे समांतर कडांच्या भेगेतही खूण न ठेवता काही सेकंदांत आधार मिळू लागला.

याच जार्डिनने १९८०च्या दशकाच्या आरंभी नोजवर छिन्नी चालवली. मार्गाच्या मध्यावर ‘किंग स्विंग’ नावाची जागा आहे. तेथे एक भेगमालिका संपते आणि दोराला लोंबकळत भिंतीवर झोके घेत डावीकडची दुसरी मालिका पकडावी लागते. जार्डिनला हा मार्ग मुक्त पद्धतीने चढायचा होता. मुक्त आरोहण म्हणजे दोराविना चढणे नव्हे: दोर आणि आधार पडल्यास वाचवण्यापुरते असतात, वर जाण्यासाठी मात्र केवळ हातापायांनी दगडच वापरायचा असतो. दोराविना चढण्याला ‘फ्री सोलो’ म्हणतात आणि अ‍ॅलेक्स होनोल्डने २०१७ मध्ये एल कॅपिटनच्या दुसऱ्या एका मार्गावर ते केल्यापासून या दोन संज्ञांची गल्लत होत आली आहे. झोका टाळण्यासाठी जार्डिनने डावीकडे जाणाऱ्या आडव्या पट्ट्यात पकडी कोरल्या, आणि टीका झाल्यावर प्रयत्न सोडून दिला. त्या खाचा मात्र राहिल्या.

लिन हिल हिने १९९३ मध्ये नोजचे पहिले संपूर्ण मुक्त आरोहण केले आणि १९९४ मध्ये तेच चोवीस तासांच्या आत पुन्हा करून दाखवले, तेव्हा तीही जार्डिनच्याच पट्ट्यावरून गेली होती. माथ्याच्या बाजूचे दोन अडथळे निर्णायक होते: बाहेर झुकलेले ‘ग्रेट रूफ’, जेथे छताखालच्या अरुंद भेगेत जेमतेम बोटांची टोके शिरतात, आणि ‘चेंजिंग कॉर्नर्स’ हा जवळजवळ पकडी नसलेला कोन, जेथे दोन्ही भिंतींवर हात, पाय, कोपर, पाठ यांचा दाब देत शरीर वळवत वर सरकावे लागते. अमेरिकी काठिण्यश्रेणीत, जेथे बिंदूनंतरचा आकडा जितका मोठा तितकी चढाई कठीण, ही पिच आज ५.१४ मानली जाते. साधनांवर भार देत चढणाऱ्यास तोच मार्ग ५.९ इतक्या मुक्त चढाईच्या कौशल्यात पुरा करता येतो. एका दिवसात मुक्त आरोहण करणारा दुसरा आरोहक, टॉमी कॉल्डवेल, थेट २००५ मध्ये आला. हिलच्या यशाचे श्रेय कधी तिच्या बारीक बोटांना दिले जाते. हा युक्तिवाद तोकडा आहे, कारण बारीक बोटांचे उत्तम आरोहक तेव्हाही कमी नव्हते. मात्र ज्या भेगांत बोटे रुतवत मुक्त आरोहक आज वर जातात त्यांपैकी काही पिटॉनच्या घावांनीच रुंदावल्या आहेत. अस्पर्श खडकावर हे आरोहण कितपत शक्य झाले असते, हा प्रश्न आता कोणीही तपासून पाहू शकत नाही.

वेगाच्या विक्रमांची कथा तुलनेने सरळ आहे. १९७५ मध्ये जिम ब्रिडवेल, जॉन लाँग आणि बिली वेस्टबे यांनी नोज प्रथमच एका दिवसात चढला. ६ जून २०१८ रोजी होनोल्ड आणि टॉमी कॉल्डवेल यांनी १ तास ५८ मिनिटे ७ सेकंद घेतले. त्यासाठी दोघेही एकाच वेळी चढत राहतात, मध्ये मोजके आधार ठेवतात आणि बिले पुष्कळ ठिकाणी वगळतात. त्याच्या चारच दिवस आधी एल कॅपिटनवरच्या दुसऱ्या मार्गावर दोन अनुभवी आरोहक पडून मृत्युमुखी पडले होते, त्यामुळे या आकड्याचे कौतुक तेव्हाही सर्वांना निखळपणे करता आले नाही.

बहुतेक आरोहक आजही तीन ते पाच दिवस घेतात. हार्डिंगच्या काळच्या गंजलेल्या बोल्टांच्या जागी स्वयंसेवकांनी जाड पोलादी बोल्ट बसवले आहेत, शक्य तेथे जुन्याच भोकात, म्हणजे नवी भोके वाढू नयेत. कड्यावर रात्र काढणाऱ्यांना २०२१ पासून उद्यानाचा परवाना घ्यावा लागतो. एका दिवसात वर जाऊन येणाऱ्यांना तो लागत नाही.