गरवायला कयाक घ्यायची तर

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाड्यांत आणि खाली गोव्यात शापोरा, मांडवीच्या पात्रातही हल्ली लाकडी होड्यांच्या जोडीनं प्लॅस्टिकच्या रंगीत कयाक दिसू लागल्या आहेत. गरवायचा नाद असलेल्या माणसाला ही होडी आवडावी, यात नवल नाही. इंजिन नाही, आवाज नाही, डिझेलचा खर्च नाही. वीतभर पाण्यातून ती तिवरांच्या मुळांपाशी जाते आणि जिताडा, तांबोशी नेमकी तिथंच दबा धरून असते. पण विकत घ्यायची वेळ आली की ऐकीव सल्ले सुरू होतात. एक म्हणतो रुंद घे, दुसरा म्हणतो लांब घे, तिसरा पायडलचीच घे म्हणून हट्ट धरतो. बरेचसे सल्ले अमेरिकेतल्या तळ्यांवर नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर काढलेल्या व्हिडिओंमधून आलेले असतात. त्या पाण्यात ते बरोबरही असतात. आपण ज्या पाण्यात उतरणार ते पाणी वेगळं आहे, आणि होडी निवडायची ती त्या पाण्यावरून. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेच गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज : कयाक म्हणजे उलटणारी होडी

ही समजूत निराधार नाही. कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट आणि अल्यूट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, वरून बंद आणि अंगाला घट्ट बसेल इतकी अरुंद. गोठणाऱ्या पाण्यात आवाज न करता सीलपर्यंत पोचायचं आणि उलटलीच तर आतल्या आत पूर्ण गिरकी घेऊन वर यायचं, यासाठी ती घडलेली. खेळाच्या कयाक तिच्या वळणावर गेल्या, आणि आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चित्र त्यांचं असतं.

मासेमारीची आजची कयाक वेगळी आहे. ती पोकळ पण चहूबाजूंनी बंद असते, माणूस तिच्या आत न बसता वर बसतो आणि तिची रुंदी बहुधा ७५ ते ९० सेंटीमीटर असते. रुंदीचा परिणाम आपल्याला वाटतो त्याहून फार मोठा असतो. लांबी तेवढीच ठेवली तर कलंडण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ७० सेंटीमीटरची होडी ८५ची केली, तर रुंदी वाढली जेमतेम पाचव्या हिश्शानं, पण हा विरोध पावणेदोन पटींहून अधिक झाला. आपल्या किनाऱ्यावरच्या उलांडीच्या होडीत हेच गणित आहे. होडीचं अंग अरुंद ठेवायचं, म्हणजे वल्हवायला हलकी, आणि बाजूला दूरवर लाकूड बांधून रुंदीचा फायदा तेवढा मिळवायचा. कयाकला दोन्ही बाजूंनी जोडतात ती तरंगती नळकांडी वेगळं काही करत नाहीत.

होडी उलटते ती बहुतेक वेळा माणसाच्या हालचालीनं. मासा बाजूला आला, त्याला उचलायला माणूस कडेवर वाकला आणि डोकं होडीच्या कडेबाहेर गेलं, की अंगाचं वजन तिकडे जातं. म्हणून मासा होडीजवळ आणायचा, लांब दांड्याच्या जाळीनं घ्यायचा, आणि डोकं दोन कडांच्या आत ठेवायचं. बैठकीची उंचीही बघा. उंच खुर्चीवरून पाणी छान दिसतं, कंबर दुखत नाही; पण वजन वर गेलं की रुंदीनं मिळवलेला तोल थोडा परत द्यावा लागतो. खुर्ची दोन उंचींवर बसवता येत असेल तर उत्तम.

गैरसमज : मग जितकी रुंद तितकी सुरक्षित

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण खरी चूक इथंच होते आणि ती जिवावर येऊ शकते.

सपाट तळाची रुंद कयाक शांत पाण्यात अगदी घट्ट वाटते, उभं राहून गळ टाकता येतो. याचं कारण ती पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहते. पण पृष्ठभागच तिरका झाला, म्हणजे बाजूनं लाट आली, तर ती लाटेच्या उताराबरोबर तिरकी होते. गोलसर तळाची, थोडी अरुंद कयाक बसल्या बसल्या डुगडुगते आणि नवख्याला घाबरवते. पण लाट तिच्याखालून निघून जाते आणि बऱ्यापैकी कललेल्या अवस्थेतही ती स्वतःला सावरून धरते. दुकानाच्या दारात किंवा हॉटेलच्या तळ्यात पाच मिनिटं बसून हा फरक कळत नाही.

आता खाडीचं मुख डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यातली सकाळ आहे, मतलई वारा जमिनीकडून हलकासा येतोय, समुद्र तेलासारखा पडलाय. ओहोटी बाहेर नेते, वल्हं जवळजवळ मारावंच लागत नाही. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा धरतो. वारा आता समुद्राकडून आत येतोय आणि ओहोटीचं पाणी अजून बाहेर जातंय. दोघं समोरासमोर आले की मुखावर लाटा आखूड, उभ्या आणि जवळजवळ होतात. खाली रेतीचा उथळ बांध असेल तर त्या तिथंच फुटतात. उधाणाचे दिवस असतील तर अरुंद मुखातली पाण्याची ओढ चालत्या माणसाच्या वेगाला गाठते, आणि रुंद कयाक एकटा माणूस दिवसभर ज्या वेगानं वल्हवतो तो वेगही साधारण तेवढाच, ताशी चार-पाच किलोमीटर. म्हणजे माणूस वल्हं मारतोय आणि किनाऱ्यावरचा माड जागचा हलत नाही. अशा वेळी ९० सेंटीमीटरची रुंदी उपयोगी पडत नाही, ती पाण्याला आणि वाऱ्याला अडवत राहते.

म्हणून ज्याला खाडीच्या आत, तिवरांच्या आडोशाला गरवायचं आहे त्यानं खुशाल रुंद घ्यावी, उभं राहावं. ज्याला मुखाबाहेर खडपांवर जायचं आहे त्यानं ७५ सेंटीमीटरच्या आसपासची, टोकाला वर उचललेली होडी घ्यावी आणि बसूनच गरवावं. आणि वाऱ्याच्या आधी परत यावं, होडी कोणतीही असो.

गैरसमज : लांब कयाक फार वेगानं जाते

होडीच्या वेगाला लांबीची मर्यादा असते हे खरं. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, की साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. १० फुटांच्या कयाकला तो ४.२ नॉट येतो, १३ फुटांच्या कयाकला ४.८. म्हणजे ताशी ७.८ आणि ८.९ किलोमीटर. फरक ताशी एक किलोमीटरचा, आणि त्या वेगाला गरवणारा माणूस फारसा पोचतही नाही. लांबीचा खरा फायदा वेगळा आहे. लांब होडी सरळ चालते, प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवत नाही आणि तोच वेग कमी श्रमात ठेवते. चार-पाच किलोमीटर दूर जायचं असेल तर १२ ते १३ फूट घ्यावी. तिवरांमधल्या चिंचोळ्या वाटांत मात्र हीच लांबी डोकेदुखी होते. तिथं १० फूट पुरे.

गैरसमज : तळाला भोकं आहेत, म्हणजे पाणी भरणार

वर बसायच्या कयाकला आरपार भोकं असतात ती पाणी बाहेर जाण्यासाठी. बैठकीची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा वर असते, त्यामुळे लाटेनं आत टाकलेलं पाणी भोकांतून खाली निघून जातं. होडीची पोकळी त्या नळ्यांपासून पूर्ण वेगळी आणि बंद असते. बैठकीत सतत पाणी साचून राहत असेल तर वजन जास्त झालंय, एवढा त्याचा अर्थ.

कंपनी लिहिते तो भाराचा आकडा म्हणजे होडी जेमतेम तरंगण्याची हद्द समजा आणि त्याच्या दोन-तृतीयांशापलीकडे जाऊ नका. १५० किलो लिहिलं असेल तर १०० किलो धरा, आणि त्यात स्वतःचं वजन, नांगर, पिण्याचं पाणी, बर्फाची पेटी, पायडलचं यंत्र आणि मिळणारा मासा हे सगळं मोजा.

खरी भीती आहे ती पोकळीत शिरलेल्या पाण्याची. गळाच्या काठीचा स्टँड बसवायला पाडलेलं भोक नीट बंद केलं नाही, झाकणाचं रबर गेलं, किंवा याच आरपार भोकांत दांडे अडकवायची ढकलगाडी वापरून तिथं तडा गेला, तर पाणी नकळत आत जातं. आत दहा-वीस लिटर पाणी इकडून तिकडे पळायला लागलं की तोल कसा जातो ते कळतही नाही. दर वेळी घरी आल्यावर मागचं बूच काढून होडी उभी करावी. चमचाभर पाणी चालेल. लोटाभर निघालं तर फट शोधल्याशिवाय पुन्हा पाण्यात नेऊ नये.

आत बसायच्या कयाक थंड प्रदेशात बऱ्या, पाय कोरडे आणि उबदार राहतात. आपलं किनाऱ्याचं पाणी वर्षातला बराच काळ २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, त्यामुळे तो फायदा इथं नाही. उलट, आत बसायची होडी उलटली की ती पाण्यानं भरते आणि खोल पाण्यात एकट्यानं उपसणं फार अवघड. वर बसायची होडी सुलटी केली की ती रिकामीच असते. चढायची रीत मात्र शिकावी लागते. होडीच्या मधोमध, बाजूनं धरायचं, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर येतील असे मागे मारायचे, मग छाती कडेवरून ओढत पोट बैठकीवर आडवं टाकायचं. पोट टेकलं की पाठीवर वळायचं, ढुंगण बैठकीत, आणि पाय सगळ्यात शेवटी आत. हातांच्या जोरावर सरळ वर उठायला गेलात तर होडी अंगावर येते. लाइफ जॅकेट घालून, छातीइतक्या पाण्यात, सोबत माणूस ठेवून हे करून बघा. जमलं नाही तर ती होडी तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही नावाजलेली असो.

गैरसमज : पायडलची कयाकच खरी मासेमारीची

होबी कंपनीनं १९९७ साली पायानं चालणारे पंख कयाकला लावले. नंतर इतरांनी सायकलसारखे पायडल आणि पंखा आणला. हात मोकळे राहतात, पायांत हातांपेक्षा ताकद जास्त, आणि सुरमईसाठी मागं गळ ओढत जायचं असेल तर याला तोड नाही. मोकळ्या पाण्यात मी पायडलच्याच बाजूचा आहे.

पण त्या यंत्राला होडीखाली अर्धा मीटर तरी मोकळं पाणी लागतं. तिवरांची मुळं, कालवांचे दगड, रोवलेल्या जाळ्यांचे दोर, वाहून आलेली पिशवी, यांतलं काहीही त्याला अडवतं. वल्हं सोबत ठेवावंच लागतं. किंमत साध्या कयाकच्या कितीतरी पट होते. आणि वजन. साधी कयाक २५-३० किलोत मिळते, पायडलची सगळी मिळून ५० किलोंवर सहज जाते. रायगड, ठाण्याकडच्या खाड्यांत याचा विचार आधी करा. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे तो दोनच्या आसपास असतो. सकाळी जिथं होडी सोडली तिथं दुपारी गुडघाभर चिखल असतो, आणि त्यातून ५० किलो एकट्यानं ओढता येत नाहीत.

हवा भरायच्या कयाकला सरसकट खेळणं म्हणणंही बरोबर नाही. चांगल्या होडीला हवेचे वेगवेगळे कप्पे असतात आणि आतून धाग्यांनी बांधलेला तळ फळीसारखा कडक होतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि पवना, मुळशीसारख्या धरणांच्या पाण्यात मरळ, कटला गरवणाऱ्याला ती सोयीची आहे. वाऱ्यात ती भरकटते आणि कालवांच्या खडकाला ती नेऊ नये. उन्हात ठेवताना थोडी हवा सोडावी, नाहीतर शिवण उसवते.

दोन माणसांची घेतली म्हणजे एकट्यालाही चालेल, असंही बरेच जण म्हणतात. मधली बैठक नसेल तर एकटा माणूस मागं बसतो, पुढचं टोक वर उचलतं आणि वारा त्याला फिरवत राहतो.

आणखी एक समज दर पावसाळ्यात ऐकू येतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक बोटींना आहे, कयाकला रान मोकळं. कागदावर काहीही असो, त्या दिवसांत मुखावरचं पाणी कयाकचं नसतं, आणि अंडी घालायला खाडीत शिरलेला मासा धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा खाणं. काळासारखी जागाही बघावी. गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात आणि चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथं पकडलेला मासा दोरीनं होडीबाहेर पाण्यात लोंबकळत ठेवू नये. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही, त्या काठावरचा माणूस सांगतो, म्हणून उतरायच्या आधी त्याला विचारावं.

पहिली कयाक जुनी घ्यायला हरकत नाही. उलटी करून तळावरचे ओरखडे बघा, ते असणारच. नखात अडकणारा खोल चरा, आरपार भोकांच्या कडेचे तडे आणि बैठकीखाली आत दबलेला भाग दिसला तर सोडून द्या. उन्हानं रंग उडून प्लॅस्टिक खडूसारखं झालं असेल तरीही सोडा. बाकी सगळं ठीक असेल, तर मालकाला सांगून अर्धा दिवस तुमच्या खाडीत, तुमच्या सामानासकट चालवा, आणि परतताना ती एकट्यानं गाडीपर्यंत आणून टपावर चढवून बघा.