कधीं जागा होतो, कधीं होत नाहीं

हिवतापाचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत ताप एक दिवसाआड येतो. ज्या दिवशीं वैद्य येतो, नेमका त्याच दिवशीं रोगी उठून बसलेला असतो. यंत्रांच्या दुखण्यांतहि असा एक प्रकार आहे. जें यंत्र कायमचें बंद पडलें त्याचा दोष शोधणें त्या मानानें सोपें. परंतु जें दहा वेळां सुरू केलें असतां नऊ वेळां सुरळीत चालतें आणि एकदांच हटून बसतें, त्याचा दोष हातीं लागणें कठीण. कारखान्यांतील संगणकांत हें दुखणें पुष्कळदां दिसून येतें. त्याची परीक्षा कशी करावी, याचा थोडक्यांत विचार आम्ही येथें करणार आहों.

कारखान्यांतील संगणक हा आपल्या घरच्या संगणकाचाच राकट भाऊ होय. भक्कम लोखंडी पेटींत बसून, धूळ, उष्णता आणि यंत्रांचे हादरे सोशीत तो रात्रंदिवस काम करतो. डेअरींतील दुधाचें उष्णतामान, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांतील पंप व झडपा, यांवर अशाच संगणकांतून देखरेख ठेवितात. सकाळच्या पाळीस तो जागा झाला नाहीं, तर माणसें हात बांधून उभीं राहतात. आणि दूध कांहीं कोणासाठीं थांबत नाहीं! तो टाकून नवा आणावा म्हटलें, तर तेंहि एका दिवसाचें काम नव्हे. पुष्कळ ठिकाणीं जुन्या यंत्रांस जोडण्याचे खास भाग आणि विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीवरच चालणारे कार्यक्रम त्यांत असतात. त्या प्रणालीस मिळणारा निर्मात्यांचा आधार तर २०१४ सालींच संपला. म्हणून आहे तोच संगणक नीट करणें भाग पडतें.

प्रथम संगणक जागा कसा होतो तें पाहूं. या क्रियेस 'बूट' होणें म्हणतात. आपल्याच बुटाच्या पट्ट्यांस धरून आपणांस वर ओढणें, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून हें नांव पडलें. कारण संगणकास चालविणारा कार्यक्रम डिस्कवर असतो आणि तो तेथून उचलण्यासहि कार्यक्रमच लागतो! ही क्रिया जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें चालते. पहिल्या पायरीवर वीजपुरवठ्याचा डबा निरनिराळे विद्युत्‌दाब स्थिर करतो आणि 'वीज ठीक आहे' असा इशारा देतो. यास सेकंदाच्या अर्ध्या भागाहूनहि बहुधा कमी वेळ लागतो. पण तो इशारा मिळेपर्यंत प्रोसेसर कामास हात लावीत नाहीं. दुसऱ्या पायरीवर मदरबोर्डवरील 'बायॉस' नांवाचा लहानसा कार्यक्रम मेमरी वगैरे तपासतो, आणि कांहीं उणें आढळल्यास पुष्कळदां शिटीसारखा आवाज करून कळवितो. तिसऱ्या पायरीवर तो डिस्क शोधतो. आणि चौथ्या पायरीवर मुख्य प्रणाली मेमरींत येऊन काम हातीं घेते.

संगणक कोणत्या पायरीवर अडला, हें पाहिलें कीं अर्धी परीक्षा झाली. पंखाहि फिरला नाहीं, तर आधीं विजेकडे पाहावें. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, तर वीजपुरवठा, मेमरी किंवा मदरबोर्ड यांवर संशय घ्यावा. डिस्क सांपडत नाहीं असा मजकूर उमटला, तर डिस्क, तिची केबल, किंवा मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी पाहावी. ती संपली म्हणजे वीज तोडल्यावर घड्याळ आणि ठरविलेल्या कांहीं गोष्टी संगणक विसरतो.

दुसरें साधन म्हणजे एक साधी वही. संगणक किती वाजतां सुरू केला, त्याआधीं किती वेळ बंद होता, खोली थंड होती कीं उष्ण, आणि तो कोठें अडला, हें प्रत्येक वेळीं लिहावें. महिन्याभरांत वहीच बोलूं लागते. समजा, तो बहुतकरून सुटीनंतरच्या थंड सकाळींच अडतो, आणि तीनचार वेळां बटण दाबल्यावर चालूं लागून मग दिवसभर कुरकूर करीत नाहीं. असें असल्यास वीजपुरवठ्यांतील कॅपॅसिटर म्हातारे झाले असण्याचा संभव मोठा. विजेचे चढउतार सपाट करण्यासाठीं हे नळकांड्यासारखे भाग असतात; त्यांत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि द्रवानें ओला केलेला कागद यांची गुंडाळी असते. वर्षानुवर्षें उष्णतेंत राहून तो द्रव सुकतो आणि आंतील अवरोध वाढतो. थंडींत हा अवरोध अधिकच वाढतो; थोडी ऊब मिळाली म्हणजे कमी होतो. उष्णतामान १० अंशांनीं वाढलें तर त्यांचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. उलट, संगणक केवळ तापल्यावर अडत असेल तर पंखा व धूळ पाहावी; हादऱ्यांबरोबर अडत असेल तर मेमरीचे सांधे आणि केबली पाहाव्या.

आतां उपचार. पहिलें काम म्हणजे, संगणक चालू असेल त्या वेळींच डिस्कवरील सर्व मजकुराची पूर्ण प्रत काढून ठेवावी. मग मीटरनें दाब मोजावे. ज्या संगणकांत नेहमींच्या पद्धतीचा वीजपुरवठा असतो, त्यांत १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान असावी. परंतु क्षणभर बुडालेला दाब साध्या मीटरास दिसत नाहीं. म्हणून चांगला ठरलेला दुसरा डबा लावून पाहणें अधिक खात्रीचें. विद्यार्थ्यांनीं मात्र तो डबा कधींहि उघडूं नये. २३० व्होल्टच्या विजेवर त्यांतील मोठा कॅपॅसिटर सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत भरतो, आणि तार काढल्यावरहि कांहीं वेळ भरलेला राहूं शकतो. तें जाणत्याचेंच काम.

एका वेळीं एकच बदल करावा, हा येथील मुख्य नियम. ज्यानें एकदम मेमरी काढून बसविली, बॅटरी बदलली आणि डबाहि नवा घातला, त्याचा संगणक कदाचित् चालेल. परंतु दोष कशांत होता हें त्यास कळणार नाहीं.

आणि बदल केल्यावर संगणक एकदां सुरू झाला म्हणजे तो बरा झाला काय? येथें वर्गांतील गणित उपयोगी पडतें. दहांत एकदां अडणारा संगणक कांहींहि दुरुस्ती न करतां दहा वेळां ओळीनें सुरू होण्याचा संभव ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारें ३५ टक्के असतो. वीस वेळांचा संभव सुमारें १२ टक्के, आणि एकोणतीस वेळांचा ५ टक्क्यांच्या किंचित् खालीं. तेव्हां निदान तीस वेळां तरी तो न अडतां सुरू झाला पाहिजे. आणि तेंहि ज्या स्थितींत तो पूर्वीं अडत असे त्याच स्थितींत. थंड सकाळीं अडणारा संगणक दुपारीं तीस वेळां चालू-बंद केल्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं.

'झालें नीट!' असें म्हणण्याची घाई सर्वांसच असते. मालकासहि तेंच ऐकावयाचें असतें. परंतु 'आज सुरू झाला, कारण अद्यापि कळलें नाहीं' असें वहींत लिहून ठेवणारा कारागीरच खरा भरंवशाचा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें यंत्रांजवळ काम करतील. त्यांनीं मीटर व पेचकस यांजबरोबर ही वहीहि जवळ बाळगावी.