एका वर्षाचे कारभारी

१८४८ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात एच. सी. माल्डन या विद्यार्थ्याच्या खोलीवर चौदा तरुण जमले. ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर, श्रूजबरी अशा शाळांतून आलेले. प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. एकीकडे चेंडू हातात घेऊन पळायला मुभा, तर दुसरीकडे तोच गुन्हा. दुपारी चारच्या जेवणानंतर सुरू झालेली बैठक रात्री बाराला पाच मिनिटं असताना उठली. ठरलेले नियम 'पार्कर्स पीस' या मैदानावर लावले गेले. पुढे १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने आपले नियम पक्के करताना केंब्रिजच्या नियमांचा आधार घेतला. खोलीवरच्या त्या बैठकीत ना कुणी प्राध्यापक होता, ना क्रीडाधिकारी.

ब्रिटनमधलं विद्यापीठीय खेळांचं जग याच पायावर उभं राहिलं. क्लब विद्यार्थ्यांचा, वर्गणी विद्यार्थ्यांची, निर्णयही त्यांचेच. १९१९ मध्ये आंतरविद्यापीठ सामन्यांसाठी मंडळ निघालं, नावं आणि रूपं बदलत २००८ मध्ये 'बक्स' ही आजची मध्यवर्ती संस्था आली. पण गावोगावच्या विद्यापीठांत क्लब चालवायची रीत फारशी बदलली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सभासद मतदान करतात आणि अध्यक्ष, कप्तान, सचिव, खजिनदार, स्नेहमेळावे आखणारा 'सोशल सेक्रेटरी' निवडतात. या मंडळींनी बुधवार दुपारच्या सामन्यांसाठी मैदान आणि पंच मिळवायचे, गाडी ठरवायची, वर्गणी गोळा करायची, सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यात टेबल मांडून सभासद जमवायचे. वर्ष संपलं की पद गेलं. अशा एका वर्षाच्या कारभाऱ्यांना शिकवायचं कुणी, हा प्रश्न जवळपास दीडशे वर्षं कुणी विचारलाच नाही. आदल्या वर्षीचा कप्तान सांगेल ते शिक्षण.

ही रीत किती भक्कम आणि किती नाजूक होती, हे १९८७ मध्ये ऑक्सफर्डला दिसलं. केंब्रिजविरुद्धच्या वार्षिक नौकाशर्यतीत १९७६ पासून सलग दहा वर्षं जिंकलेला ऑक्सफर्डचा बोट क्लब १९८६ मध्ये हरला होता. पुढच्या हंगामासाठी संघात आंतरराष्ट्रीय अनुभवाचे अमेरिकी वल्हेकरी आले. अमेरिकनांत ठळक होता तो आधीपासूनच संघात असलेला ख्रिस क्लार्क. क्लबचा निवडून आलेला अध्यक्ष होता डोनाल्ड मॅकडोनाल्ड, वयाने इतरांपेक्षा बराच मोठा असा स्कॉटिश विद्यार्थी. प्रशिक्षक डॅन टोपोल्स्की यांच्या कठोर सरावावरून कुरबूर सुरू झाली, आणि नावेत मॅकडोनाल्डला जागा मिळावी की नाही यावरून तिचं बंड झालं. बंडखोरांची मागणी होती की अध्यक्षानेच जावं. प्रश्न विद्यापीठाच्या कुठल्या कार्यालयात गेला नाही. वेगवेगळ्या कॉलेजांच्या बोट क्लबांचे कप्तान बसले, त्यांनी मतदान केलं आणि मॅकडोनाल्डला पाठिंबा दिला. अमेरिकी वल्हेकरी बाहेर पडले. राखीव खेळाडूंना घेऊन उतरलेल्या ऑक्सफर्डने २८ मार्चला खवळलेल्या टेम्सवर नावेच्या चार लांबींनी शर्यत जिंकली.

या विजयाने गोष्टीला गोड शेवट मिळाला खरा, पण तो बाजूला ठेवून पाहिलं तर उरतं ते वेगळंच. खेळातलं कौशल्य आणि क्लबचा कारभार या दोन गोष्टी आहेत. उत्तम खेळणाऱ्याला अध्यक्षाचा निर्णय पटेलच असं नाही, आणि अध्यक्ष स्वतःच खेळाडू असेल तर निवडीत त्याचं हित गुंतलेलं असतं. अशा वेळी काय करायचं, सभा कशी घ्यायची, कुणाचं म्हणणं नोंदवायचं, हे कुणीच कुणाला शिकवलेलं नव्हतं. ऑक्सफर्डकडे निदान कॉलेजांच्या कप्तानांची सभा तरी होती. लहानशा विद्यापीठातल्या हॉकी क्लबकडे असं काहीच नसे.

प्रशिक्षणाची पहिली पावलं मात्र अशा तात्त्विक पेचांमुळे पडली नाहीत. ती पडली कागदपत्रांमुळे. १९९४ च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी संघटनांचे हिशेब, निवडणुका आणि पूर्णवेळ पदांची मुदत यांना चौकट घातली. पूर्णवेळ पदावर कुणालाही एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहता येईना. १ जानेवारी १९९७ पासून मोटारीचा नवा परवाना काढणाऱ्यांना मिनीबस चालवण्याचा हक्क आपोआप मिळेनासा झाला. संघाला सामन्याला घेऊन जाणारा कप्तान आता चालक म्हणून चालेल की नाही, हाच प्रश्न आला. २०१० पासून इंग्लंड-वेल्समधल्या मोठ्या विद्यार्थी संघटनांना चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागली, तेव्हा त्यांच्या छत्राखालच्या क्लबांचा खजिनदार चॅरिटीचे पैसे हाताळणारा माणूस ठरला. पावत्या, विमा, धोक्यांची नोंद, प्रथमोपचार अशा विषयांवर सुरुवातीच्या टर्ममध्ये बैठका होऊ लागल्या. मुलं जांभया देत बसत, पण बसत.

खरा धक्का बसला तो परंपरेच्या काळ्या बाजूने. नवागतांना क्लबात 'सामील करून घेण्याची' रात्र, म्हणजे बळजबरीचं मद्यपान आणि जाहीर अपमान, अनेक क्लबांत वर्षानुवर्षं चालत आली होती. आपल्याकडे रॅगिंग म्हणतात त्याचीच ही भावकी. २००६ मध्ये एक्झिटर विद्यापीठाच्या गोल्फ संघटनेच्या अशा रात्रीनंतर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दगावला. २०१६ मध्ये न्यूकॅसलला आणखी एक मृत्यू झाला. ती संघटना खेळाची नव्हती, शेतीविषयक होती, पण रीत तीच. त्याची न्यायिक चौकशी २०१८ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी 'युनिव्हर्सिटीज यूके'ने अशा प्रथांविषयी सर्व विद्यापीठांसाठी मार्गदर्शन काढलं. दरम्यान २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने विद्यार्थिनींना सोसाव्या लागणाऱ्या 'लॅड कल्चर'वर, म्हणजे टोळक्यातल्या पुरुषी उद्दामपणावर, अहवाल प्रसिद्ध केला होता. २०१४ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पुरुष रग्बी क्लबने नव्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यात स्त्रियांविषयी गलिच्छ मजकुराचं पत्रक वाटलं, तेव्हा विद्यार्थी संघटनेने तो क्लब वर्षभरासाठी बरखास्तच केला.

इथे प्रशिक्षणाचा रोख बदलला. फॉर्म कसे भरायचे यापेक्षा आपल्याच मित्रांना 'हे आता थांबवा' कसं म्हणायचं, हा विषय झाला. बघ्याची भूमिका सोडून मध्ये कसं पडायचं याच्या कार्यशाळा आल्या. समितीत 'वेल्फेअर ऑफिसर' हे पद आलं. दारू न पिणाऱ्या सभासदाला बुधवारच्या सामन्यांनंतरच्या रात्रीच्या मौजेत काय जागा आहे, हा प्रश्न सोशल सेक्रेटरीला पडू लागला. भारतातून, आणि अर्थात महाराष्ट्रातूनही, शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना याचा उपयोग थेट होतो.

दुसरं वळण पैशांचं. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड असलेली फी २०१२ मध्ये ९,००० पौंडांपर्यंत गेली. एवढं देऊन पदवीपलीकडे काय मिळालं, हे विद्यार्थी विचारू लागले. मग क्लबच्या पदाला 'नेतृत्वकौशल्य' असं नाव मिळालं. अनेक विद्यापीठांनी स्वीकारलेल्या नव्या प्रगतिपत्रकात अभ्यासाशेजारी अशा कामाची पडताळून केलेली नोंद येऊ लागली. त्यातून हजेरीपुरती येणारी मंडळी वाढली, हे खरं. पण ज्या मुलीला कधी सभा चालवायची संधी मिळाली नव्हती, तिच्या कामाला कागदावर किंमत आली, हेही खोटं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडने सगळं थांबवलं. हा काळ नेमका कारभार सोपवण्याचा. किल्ल्या, पासवर्ड, मैदानवाल्याचा फोन नंबर पडद्यावरूनच दिला-घेतला गेला, आणि २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ वाया गेला. पुढच्या समित्यांत बरेच जण असे होते की त्यांनी विद्यापीठातला एकही पुरता हंगाम पाहिलेला नव्हता. कार्यशाळा, चित्रफिती, सूचनापुस्तिका सगळं हाताशी होतं. नव्हतं ते शेजारी बसून सांगणारं माणूस. इतक्या वर्षांत उभारलेलं प्रशिक्षण ज्या जुन्या रीतीवर टेकलं होतं, तिची किंमत तेव्हा कळली. वाईट प्रथा तोडायला बाहेरचा शिक्षक लागतो. चांगली प्रथा मात्र आदल्या वर्षीच्या कप्तानाकडूनच घ्यावी लागते.

हा मागोवा घेताना महाराष्ट्राकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडे गाडी नेमकी उलटी गेली. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, निवडणुकांतल्या हिंसाचाराने सगळे धास्तावले आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपवल्या. वर्गात पहिला येणारा आपोआप विद्यार्थी परिषदेत, आणि खेळाचा प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचा. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, पण तिथेही खेळाचा प्रतिनिधी नेमणुकीचाच राहिला. आणि २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. जिमखान्याची फी प्रत्येक विद्यार्थी भरतो. तिचा खर्च, संघाची निवड, प्रवासभत्ता, किट हे सारं शारीरिक शिक्षण संचालक आणि कार्यालय पाहतं. नेतृत्वाची शिबिरं मात्र होतात. भाषणं होतात, प्रमाणपत्रं मिळतात.

ब्रिटनमध्ये मुलांच्या हाती आधी कारभार आला. चुका झाल्या, जीवही गेले, आणि त्यातून शिकवणं आलं. तो क्रम जसाच्या तसा उचलावा असं कुणी म्हणणार नाही. आधी अपघात व्हायची वाट पाहायची गरज नाही. पण ज्याच्या हाती ना पैसा ना निवड, त्याला हिशेब आणि न्याय शिकवून काय साधणार? एका खेळाचा वर्षाचा खर्च निवडून आलेल्या चार विद्यार्थ्यांच्या सहीने होऊ द्यावा, संचालकांनी शेजारी बसून तपासावा, आणि वर्षअखेरीस त्या चौघांनी पुढच्या चौघांना हिशेबाची वही समजावून द्यावी. शिबिर त्यानंतर घेतलं, तर मुलांकडे विचारायला प्रश्न असतील.