बसकी मोटार

मोटार जितकी बसकी तितकी ती डौलदार, ही समजूत नवी नव्हे. शर्यतीच्या मैदानावर जमिनीला जवळजवळ चिकटून धांवणारी गाडी पाहिली कीं तिच्या ऐटीवर मन लुब्ध होतें. मग सोलापुरासारख्या शहरांतील एखाद्या हौशी मालकालाहि वाटूं लागतें कीं, आपल्या किंमती सेडानच्या स्प्रिंगा बदलून तिला चार सेंटिमीटर खालीं बसवावें. ही हौस तपासून पाहण्याजोगी आहे; कारण गाडीची उंची ही केवळ शोभेची बाब नसून हिशेबाची बाब आहे.

गाडीचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो. मध्यें स्प्रिंगा असतात आणि त्यांच्या जोडीला शॉकअॅब्सॉर्बर. स्प्रिंग धक्का पोटांत घेते, शॉकअॅब्सॉर्बर तिचें हेलकावणें आवरतो. गाडीच्या भारानें स्प्रिंग जितकी अधिक दबते तितका झोका संथ. ती २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी मिनिटाला सुमारें ६० वेळां हेलकावते. गाडी खालीं आणली कीं चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते. म्हणून स्प्रिंग कडक घ्यावी लागते. तिचा कडकपणा दीडपट केला कीं ६० चे ७३ हेलकावे होतात, आणि मागील आसनावर बसलेल्या वृद्धांच्या कमरेला तो फरक तात्काळ कळतो.

मग लाभ कोणता? वळणावर गाडीचा भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य खालीं असेल तर तो कमी सरकतो, व टायरांची पकड अधिक चांगली राहते. हें तत्त्व खरें आहे. पण त्याचें माप पाहावें. १,७०० किलो वजनाची, दोन बाजूंच्या चाकांत १६० सेंटिमीटर अंतर असलेली गाडी घेऊं. तिचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरांवर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराच्या तीव्र वळणावर सुमारें २९२ किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटर खालीं आणला तर २७६ किलो. फरक केवळ १६ किलोंचा! शर्यतींत क्षणाच्या अंशावर जयापजय ठरतो, तेथें तो मोलाचा. शहरांतल्या रस्त्यावर तो जाणवणारहि नाहीं.

उलट तोटा मात्र येथें पदोपदीं भेटतो. सोलापूरच्या परिसरांत काळी माती पुष्कळ आहे. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते. त्यामुळें तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला लाटा येतात. त्यांत गतिरोधकांची भर. भारतीय मानकाप्रमाणें गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मध्यावर आली असतां चाकेंहि उतारावर सुमारें साडेतीन सेंटिमीटर चढलेलीं असतात. म्हणून तिच्या पोटाकडे साडेसहा सेंटिमीटरच उंचवटा येतो. पण एखाद्या गल्लींत कोणी हातभर रुंदीचा, १२ सेंटिमीटर उंचीचा बांध घातलेला असला, तर पूर्ण १२ सेंटिमीटर पोटाशीं येतात.

आतां गाडी तुळजापुरास किंवा अक्कलकोटास पांच माणसें व सामान घेऊन निघाली आहे असें समजूं. रिकामेपणीं जमिनीपासून १५ सेंटिमीटर असलेलें पोट भारानें सुमारें ३ सेंटिमीटर खालीं येतें. त्यांतून हौसेचे ४ वजा केले, म्हणजे उरले ८. असल्या बांधावर ऑइलचा चेंबर फुटला आणि ऑइल वाहून गेलेलें ध्यानांत आलें नाहीं, तर इंजिन जाम होण्यास कांहीं मिनिटें पुरतात. युरोपांत बांधलेल्या कित्येक गाड्यांची उंची भारतासाठीं मुद्दाम वाढविली जाते. कारखान्यानें विचारानें दिलेलें अंतर मालक पैसे मोजून घालवितो, ही मोठी विसंगति होय.

त्याहून घातक म्हणजे स्वस्तांतला मार्ग: जुन्याच स्प्रिंगेचे वेढे कापणें. वेढे कमी झाले कीं स्प्रिंग कडक होते, पण शॉकअॅब्सॉर्बर जुनाच राहतो व झोका त्याला आवरत नाहीं. चाक खड्ड्यांत लोंबतांच आंखूड स्प्रिंग आपल्या बैठकीवरून निसटूंहि शकते. तापवून बसविलेली स्प्रिंग तर आपलें पाणीच गमावते. शिवाय चाकांचा कोन बदलून टायर आंतल्या बाजूनें झिजतात.

कायद्याचीहि बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही मर्यादा स्पष्ट केली. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर वादाचें कारण होतो, तें वेगळेंच.

तरीहि बसकेपणाची आवड असलीच, तर शास्त्रानें तिला वाट ठेविली आहे. १९५५ सालीं फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीनें आणलेल्या डीएस गाडीची उंची चालकाला एका दांड्यानें बदलतां येई. आजच्या कांहीं उंची गाड्यांत हवेच्या स्प्रिंगा असतात. वेग वाढतांच गाडी स्वतः थोडी खालीं बसते, आणि खडबडीत रस्त्यावर चालकाला ती वर उचलतां येते. अशी गाडी विकत घेतांनाच निवडावी. जी गाडी पुण्याच्या हमरस्त्यावर बसकी आणि गल्लींतल्या बांधावर उंच राहते, तिचाच डौल टिकाऊ.