आधी एक कोपरा, मग सगळा क्यूब

बाजारातून लेकरं हट्टानं रंगीत क्यूब आणतात, दोन दिवस फिरवतात आणि मग तो फडताळात पडून राहतो. आईला विचारलं तर ती म्हणते, "ते शिकलेल्यांचं काम." आम्ही बल्लारपूरच्या गटातल्या बाया म्हणतो, तसं काही नाही. इंग्रजी अक्षरांची सूत्रं पाठ न करताही त्याचा बराचसा भाग नुसता पाहून लावता येतो.

हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातले शिक्षक एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हा क्यूब बनवला. बाहेरून त्याचे २६ तुकडे दिसतात. ६ मधले, १२ कडेचे, ८ कोपऱ्याचे. कडेच्या तुकड्याला २ रंग असतात, कोपऱ्याच्या तुकड्याला ३. बाजू फिरवल्या तरी मधले तुकडे आपली जागा सोडत नाहीत. ज्या बाजूचा मधला पांढरा, ती बाजू पांढरीच होणार.

आपण बहुतेक जणी आधी एक बाजू एका रंगाची करतो. दुसरी करायला गेलं की पहिली मोडते. स्वीडनच्या लार्स पेट्रस यांनी १९८१ मध्ये वेगळी रीत काढली. बाजू करायची नाही, ठोकळा बांधायचा.

क्यूब हातात घेऊन ऐका. पांढरा, लाल आणि निळा मधला तुकडा जिथे शेजारी येतात, तो कोपरा धरा. तिथे चारच तुकडे बसवायचे: पांढरा-लाल-निळा कोपरा, आणि पांढरा-लाल, लाल-निळा, पांढरा-निळा या तीन कडा. प्रत्येक रंग आपल्या मधल्या तुकड्याला जुळला की छोटा ठोकळा तयार. आता पिवळी, हिरवी आणि नारिंगी बाजू कितीही फिरवा, ठोकळा मोडत नाही. घर लावताना एक कोपरा आवरून ठेवतो आणि पसारा दुसरीकडे करतो, तसंच हे.

मग हिरव्या बाजूकडे ठोकळा वाढवा. पांढरा-लाल-हिरवा कोपरा, पांढरा-हिरवा आणि लाल-हिरवा कडा, एवढे तीनच तुकडे. आता पिवळी आणि नारिंगी या दोनच बाजू मोकळ्या राहतात. पुढे उलट्या बसलेल्या कडा सुलट करून घेतल्या की या दोन बाजू फिरवूनच दोन थर पूर्ण होतात. शेवटच्या थराला मात्र काही ठरलेल्या फिरक्या शिकाव्या लागतात.

घाई नको. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक क्यूब हातोहात फिरवू. महिनाभर फक्त तो पहिला चार तुकड्यांचा ठोकळा. तो जमला की घरी लेकीसमोर बांधून दाखवा, आणि मग तिच्या हातात द्या.