सिस्टर ते मॅट्रन : मुलीला ख्रिस्ती संस्थेत एम.एस्सी. नर्सिंगला पाठवताना

आपल्याकडे आता नर्सिंग शिकलेल्या मुली घरोघरी दिसू लागल्या आहेत. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ पूर्वेला, बदलापूरच्या नव्या सोसायट्यांत कुणाची मुलगी जी.एन.एम. झालेली असते, कुणाची सून बी.एस्सी. नर्सिंग. सकाळची लोकल पकडून ठाण्याला, मुंबईला ड्युटीला जाणाऱ्या या मुलींचं आम्हाला कौतुक आहे. पण पंधरा वर्षांनीही त्यातल्या बऱ्याच जणी त्याच वॉर्डात, त्याच पदावर असतात. वॉर्ड चालवणारी, ड्युट्या लावणारी, नवीन मुलींना शिकवणारी बाई दुसरीच असते.

यात हुशारीचा प्रश्न नाही. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, तिच्या वर परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे आपण जिला मॅट्रन म्हणतो ती, अशी पायऱ्यांची रचना असते. वरच्या पायऱ्यांवर सेवाज्येष्ठतेसोबत शिक्षणही बघितलं जातं. नर्सिंग कॉलेजात तर वरच्या शिक्षक पदांसाठी एम.एस्सी. नसेल तर दारच बंद. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे कॉलेजची प्राचार्या व्हायला एम.एस्सी. आणि एकूण १५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली १२ वर्षं शिकवण्याची हवीत. तिशीच्या आत एम.एस्सी. झाली तर पन्नाशीच्या आधी ती खुर्ची मिळू शकते. चाळिशीत विचार सुरू केला तर गणित जुळत नाही.

या पदव्युत्तर शिक्षणासाठी देशात ज्या संस्थांचं नाव आदराने घेतलं जातं त्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती आहेत. तमिळनाडूत वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळुरूचं सेंट जॉन्स, मंगळुरूचं फादर मुलर. आणि इथेच आपल्या घरात चर्चा थांबते. "मिशनरी लोकांकडे? तिथे नमाजचं काय? डोक्यावरच्या ओढणीचं काय?" ही बोलणी आम्ही ऐकली आहेत. प्रश्न गैर नाहीत. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि उत्तर न शोधताच फॉर्म बाजूला ठेवणं वेगळं.

वेल्लोरची गोष्ट मुळात सुरू कशी झाली ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची तरुण मुलगी तमिळनाडूत वडिलांकडे आली होती. एकाच रात्री तीन नवरे तिच्या दारात आले. तिघांच्या बायका बाळंतपणात अडल्या होत्या. त्यातला एक मुसलमान होता, इतर दोघे हिंदू. वडिलांना बोलवते म्हटल्यावर तिघांनीही नकार दिला, परपुरुष बाईला तपासणार कसा? सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. स्कडरबाई परत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना त्यांनी सुरू केला. १९०९ मध्ये तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं, १९१८ मध्ये बायकांसाठी वैद्यकीय शाळा, आणि १९४६ मध्ये नर्सिंगची पदवी. भारतात नर्सिंगची पदवी देणाऱ्या पहिल्या संस्थांमध्ये वेल्लोरचं नाव येतं. म्हणजे पडद्यातल्या बाईला बाईच्याच हातचे उपचार मिळावेत, या गरजेतून ही संस्था उभी राहिली. आज आपल्याच घरातून "पडदा आहे, म्हणून मुलीला पाठवत नाही" असं ऐकलं की त्या रात्रीचा तो मुसलमान नवरा आम्हाला आठवतो.

महाराष्ट्रालाही हे नवं नाही. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारलं. पुढे परिचारिकांच्या कित्येक पिढ्या तिथे तयार झाल्या.

आपल्या इतिहासात तर हे काम मस्जिदीच्या अंगणात झालं आहे. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना हजरत रुफैदा अल-असलमिया (रजि.) यांच्या तंबूत ठेवलं गेलं होतं, आणि तो तंबू मस्जिद-ए-नबवीत होता. दिल्लीच्या जामिया हमदर्दने आपल्या नर्सिंग कॉलेजला रुफैदांचंच नाव दिलं आहे. तेव्हा नर्सिंग म्हणजे हलकं काम, असं म्हणणाऱ्या आजी-खालांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता एम.एस्सी.त नेमकं शिकवतात काय? लोकांना वाटतं, इंजेक्शन-सलाइनचंच थोडं जास्त. तसं नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षी नर्सिंगचं अध्यापन, प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र आणि आपण निवडलेली विशेष शाखा. दुसऱ्या वर्षी नर्सिंग व्यवस्थापन, त्याच शाखेचा पुढचा भाग आणि प्रबंध. शाखा पाच असतात : मेडिकल-सर्जिकल, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य.

यातलं व्यवस्थापन हेच मॅट्रनच्या खुर्चीचं खरं शिक्षण. वॉर्डात तीस खाटा आहेत, तर तीन पाळ्यांत मिळून किती परिचारिका हव्यात? आठवड्याची सुट्टी, आजारपण, बाळंतपणाची रजा धरून प्रत्यक्षात किती नेमायच्या? कौन्सिलच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक. हे प्रमाण आपल्याकडे किती पाळलं जातं, ते वॉर्डात नातेवाईकाजवळ एक रात्र काढलेल्या माणसाला सांगायला नको. पण ते का पाळलं जात नाही, जादा पदांची मागणी कागदावर कशी मांडायची, चुकीचं औषध दिलं गेलं तर मुलीला नुसतं झापायचं की चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते शोधायचं, बजेट कसं करायचं, नोंदी कशा तपासायच्या, हे सगळं या विषयात येतं. डॉक्टरांच्या बैठकीत आपलं म्हणणं आकड्यांनिशी मांडता येणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट आहे. अनुभवाने थोडं येतं, सगळं येत नाही.

ही गरज आता आपल्या दाराशी आली आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात १०० जागांचं अंबरनाथचंही आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे शिकवणारं रुग्णालय, म्हणजे वर सांगितलेलं तीनास एकचं प्रमाण. तिथे वॉर्ड सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या परिचारिका लागणारच. त्या बाहेरूनच याव्यात असं थोडंच आहे?

पात्रतेचं साधं आहे. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला किमान ५५ टक्के, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव. बी.एस्सी. झालेल्यांना हे वर्ष पदवीनंतरचं लागतं, पोस्ट बेसिकवाल्यांना आधीचं किंवा नंतरचं चालतं. जी.एन.एम. झालेल्या मुलीने आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करायचं. टक्केवारीकडे सुरुवातीपासून लक्ष असू द्या, कारण ५४ टक्क्यांवर अडकलेल्या मुलीला कुणीच काही करू शकत नाही. आणि अनुभवाचं ते एक वर्षच आपल्याकडे घोटाळा करतं. नेमक्या त्याच वर्षी स्थळं यायला लागतात. लग्नाला आमचा विरोध नाही. पण बोलणी करतानाच "मुलगी पुढे दोन वर्षं शिकणार आहे" हे मुलाकडच्यांना स्पष्ट सांगावं. नंतर सांगायला गेलं की ते मागणं वाटतं, आधी सांगितलं की ती अट असते.

दीनच्या प्रश्नाकडे येऊ. संविधानाच्या कलम ३० नुसार ख्रिस्ती समाजाला, तसंच आपल्यालाही, शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क आहे. त्यामुळे तिथल्या काही जागा त्यांच्या समाजासाठी असतात, वेल्लोरला चर्चसंस्थांच्या शिफारशीवरही काही जागा भरल्या जातात. आपल्या मुलीने अर्ज करायचा तो खुल्या जागांवर. दुसरीकडे कलम २८ (३) म्हणतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही, तिच्या संमतीशिवाय, धार्मिक शिकवणीला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मिशनच्या संस्थांत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होताना दिसेल, तो त्यांचा हक्क. आपल्या मुलीने त्यात बसायचं की नाही, हा तिचा.

गणवेशाचं मात्र कायद्यावर सोडू नका. फोनवर "बघू, होईल काहीतरी" असं उत्तर मिळालं तर त्यावर विसंबू नका. डोक्यावर स्कार्फ चालेल का, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये कसा? बाही किती लांब चालेल? हा दुसरा प्रश्न धर्माचा नसून जंतुसंसर्गाचा आहे, कारण कोपरापासून खाली हात धुता आले पाहिजेत. हॉस्टेलमध्ये हलालची सोय आहे का, रमजानमध्ये सहरीला मेस उघडी असते का, रात्रपाळीला हॉस्टेलपासून वॉर्डापर्यंत जायची व्यवस्था काय, हे सगळं ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शिक्षणानंतर काही काळ सेवेची अट आहे का, तेही माहितीपुस्तिकेत आधी वाचा. वेल्लोरचं रेल्वे स्टेशन काटपाडी. घरच्यांपैकी कुणीतरी एकदा जाऊन बघून आलं तर निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्रात शिकणाऱ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विभागाची शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जाची योजनाही आहे. राज्याबाहेर जायचं असेल तर कुठली योजना लागू होते, हे फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा. उल्हासनगर आणि अंबरनाथची तहसील कार्यालयं वेगवेगळी आहेत, बदलापूरकरांनी अंबरनाथला जायचं. शेवटच्या आठवड्यात तिथे किती गर्दी असते, ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना विचारा.