चापेकरांच्या गावाची खानेसुमारी

गाव नांदते असतानाच त्याचा इतिहास लिहून ठेवावा, हे ना. गो. चापेकरांना फार लवकर उमगले. न्यायखात्यातून निवृत्त होऊन ते बदलापुरात स्थायिक झाले आणि 1933 मध्ये त्यांचा ‘बदलापूर’ हा ग्रंथ आला. गावात कोण राहते, कुणाची जात कोणती, कोण काय कसतो, कशावर पोट भरतो, सणवार कसे होतात, याची एवढी कसून केलेली नोंद मराठीत त्याआधी क्वचितच झाली होती. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पण माझ्या लेखी त्यांचे खरे मोठेपण या गावाच्या पुस्तकातच आहे.

चापेकरांना दीर्घायुष्य लाभले. ते गेले 1968 मध्ये. तोवर शेजारचा मुलूख पार पालटला होता. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. 1060 सालच्या शिवमंदिराचे अंबरनाथ कारखान्यांचे गाव झाले. बदलापूर मात्र बराच काळ भातशेतीचे, उल्हास नदीकाठचे गाव राहिले.

मग लोकलच्या आधाराने मुंबईतला नोकरदार इथे घर घेऊ लागला. 1983 मध्ये गाव कल्याण महापालिकेत गेले, 1992 मध्ये बाहेर पडले आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद झाली. 2001 च्या जनगणनेत वस्ती सुमारे 98 हजार होती, 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळपास पावणेदोनपट! 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे 2011 नंतर उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या माणसांची मोजदादच नाही.

कात्रप, मांजर्ली, बेलवली, शिरगाव ही गावे आता पत्त्यातच उरली आहेत. रिक्षावाला ‘कात्रप, कात्रप’ ओरडतो, तेव्हा आत बसणाऱ्याला तिथली शेते आठवत नाहीत. जून उजाडला की टोपलीत पाने अंथरून जांभळे विकणाऱ्या बायका दिसतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, पण झाडांखालची जमीन प्लॉटच्या भावाने विकली जाते.

गाव पुसले गेल्यावर त्याची नोंद करणे किती अवघड असते, याचे उदाहरण दूरचे आहे. पॅलेस्टाइनमध्ये 1948 च्या युद्धात ओस पडलेल्या 418 गावांची नोंद इतिहासकार वालिद खालिदी यांच्या 1992 च्या ग्रंथात आहे. लोक परागंदा झाल्यावर ती करावी लागली आणि ब्रिटिशांच्या 1931 च्या खानेसुमारीचा आधार घ्यावा लागला. आपल्याकडे कुणी कुणाला बंदुकीच्या धाकाने हाकलले नाही, त्यामुळे दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. पण आपल्याकडे जुनी माणसे अजून घरात आहेत, सातबारे आहेत, देवळांच्या जत्रा चालू आहेत. बेलवलीच्या, शिरगावच्या तरुणांनी वही घेऊन आजीसमोर बसावे आणि चापेकरांनी विचारले तेच विचारावे: घरे किती होती, कुणाची होती, आणि ती माणसे आता कुठे आहेत?